कर्न मैथा, उंची बावीस मीटर

दत्ताराम परब यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. ठिकाण अबू धाबीकडच्या अल ऐनमधल्या एका व्हिलाचा हॉल. हजर होते आपल्या मराठी मंडळाच्या समितीचे सात जण आणि मी. मंडळाच्या भटकंतीच्या पुस्तिकेतून त्या मिनिटाला एका टेकडीचं खरं नाव काढून टाकलं गेलं. परबकाका त्याच हॉलमध्ये, मागच्या खुर्चीवर, मांडीवर फाईल घेऊन बसले होते. अन्याय करणाऱ्या आठही जणांची नावं मला पाठ आहेत. त्यातलं एक माझं आहे.

एका टेकडीच्या नावावरून एवढं? असं मला तीन जणांनी विचारून झालंय. हो, एवढं.

परबकाका ट्रेसर होते. हा धंदा आता उरलेला नाही म्हणून सांगते. कॉम्प्युटरच्या आधी नकाशे हाताने काढत. सर्व्हेवाले वाळवंटात फिरून आकडे आणत, इंजिनीअर कच्चं आखत, आणि शेवटी पारदर्शक फिल्मवर शाईच्या पेनने तो नकाशा जो गिरवायचा तो ट्रेसर. रस्ते, विहिरी, वाळूचे उंचवटे, प्रत्येक नावाचं प्रत्येक अक्षर त्याच्या हातचं. नकाशाच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव असे, मोठ्या साहेबाची सही असे. ट्रेसरचं नाव कुठेच नसे.

काका मूळचे कुडाळचे. तरुणपणी एका सर्व्हे कंपनीत अल ऐनला आले. कंपनी बंद पडली, मग व्हिलांचे मोठाले प्लॅन छापणाऱ्या एका दुकानात लागले आणि तिथेच म्हातारे झाले. मूलबाळ नव्हतं. काकू गेल्या त्याही इथेच.

मी अल ऐनमध्येच जन्मले, कॉलेजसाठी पुण्याला गेले. पुण्यात 'टेकडी वाचवा' म्हणून पत्रकं लिहिली, चौकात वाटली, पोलिसांच्या शिव्या खाल्ल्या. परत आले तेव्हा इथे वाचवायला काय आहे ते शोधत होते. शहराबाहेर एक तळं आहे. शुद्ध केलेलं सांडपाणी सखल जागेत साचून साचून झालेलं. थंडीत तिथे पक्षी येतात, पक्ष्यांमागे माणसं आणि माणसांमागे प्लास्टिक. मी मंडळाच्या मदतीने सफाईचं ठरवलं, पत्रक केलं आणि छापायला काकांच्या दुकानात नेलं.

त्यांनी पत्रक नाकाजवळ धरलं. माझ्या जळजळीत मजकुराचा एक शब्दही वाचला नाही. खाली मी तळ्याचा छोटा नकाशा काढला होता, त्यावर नखाने टकटक केलं.

"उत्तर कुठे आहे?"

"कशाचं उत्तर?"

"उत्तर दिशा गो बाय. बाण नाही, माप नाही. हा नकाशा नाही, हे चित्र आहे." मग चष्मा वर करून, "आणि ही टेकडी काढलीस, तिला नाव नाही दिलंस?"

"तिला नाव आहे?"

ते मशीनकडे वळले. पत्रक छापून दिलं. बाण त्यांनी स्वतः घातला होता.

त्या माणसाच्या सवयी सांगायच्या तर निम्म्या नकाशाच्या. वाण्याची यादीसुद्धा ते सरळ उभ्या अक्षरांत लिहीत, प्रत्येक अक्षर सारख्या उंचीचं. 'तूरडाळ' वाचताना एखाद्या शहराचं नाव वाचतोय असं वाटे. अंतर पावलांत मोजत आणि मनातल्या मनात मीटर करत. पार्किंगमधून दुकानापर्यंत जाताना ओठ हलत असले तर त्यांच्याशी बोलायचं नाही, आकडा चुकतो. मुलांना वाढदिवसाला खाऊऐवजी पट्टी देत. मुलं "थँक यू अंकल" म्हणून ती पट्टी तिथेच विसरून जात, काका ती उचलून पुढच्या वाढदिवसाला दुसऱ्या मुलाला देत.

आणि एक प्रश्न कायम तोंडात. कोणी काहीही सांगितलं, अमक्याचं लग्न मोडलं, तमक्या कंपनीत पगार थांबला, की काका शांतपणे विचारत, "कोण म्हणतं?" लोकांना तो आगाऊपणा वाटायचा. पण ती सर्व्हेची शिस्त होती. जागेचं नाव नकाशावर चढवायचं तर तीन माणसांच्या तोंडून ते आलं पाहिजे. तिघं एका घरातली नकोत. आणि मुख्य म्हणजे विचारणाऱ्याने नाव आधी उच्चारायचं नाही. तुम्ही नाव सांगितलंत की समोरचा मान डोलावतो. इथली माणसं पाहुण्याला सहसा नाही म्हणत नाहीत.

पत्रकानंतर दोनेक महिन्यांनी त्यांनी मला घरी बोलावलं. कोकम सरबत दिलं आणि एक फाईल उघडली. त्या टेकडीची फाईल.

सगळ्यात जुना कागद एका जुन्या नकाशाची प्रत. त्यात तळं नाही. रिकामी वाळू, एक विहीर, आणि तिच्या शेजारी बारीक अरबी अक्षरांत 'कर्न मैथा', उंची बावीस मीटर. कर्न म्हणजे शिंग. एकट्या उभ्या असलेल्या छोट्या टेकडीला इकडे कर्न म्हणतात. मैथा हे बाईचं नाव. दुसरा कागद एका इंग्रज बाईने गोऱ्या कुटुंबांसाठी लिहिलेल्या फिरण्याच्या पुस्तकातला. बाईने टेकडीला चार ओळी दिल्या होत्या. चढायला दहा मिनिटं, वर बघण्यासारखं विशेष नाही, मात्र सोबत डबा असेल तर संध्याकाळ चांगली जाते, अशा अर्थाच्या. नाव तेच, इंग्रजी अक्षरांत. तिसरा कागद त्यानंतरचा नकाशा. आता तळं आलं होतं, निळं, ऐसपैस. टेकडीवर फक्त आकडा, बावीस. नाव गेलेलं. चौथ्या नकाशात आकडाही नव्हता.

"हा तिसरा नकाशा कोणी केला?" मी विचारलं. माझं पत्रकाचं रक्त तापलं होतं. कोणा कंपनीला, कोणा साहेबाला धरून झोडायचं ते मला हवं होतं.

काकांनी खिशातून अर्धं ब्लेड काढून टेबलावर ठेवलं. कागदात गुंडाळलेलं.

"फिल्मवर चूक झाली तर शाई ब्लेडने खरवडायची असते. हलक्या हाताने. नाहीतर फिल्मला भोक पडतं. तळ्याचं नाव लिहायचं होतं, मोठ्या अक्षरांत, साहेबाचा हुकूम. जागा पुरेना. साहेब म्हणाला, परब, रिमूव्ह दॅट स्मॉल थिंग." मग ते त्यांच्या बोलीत आले. "नाव माझ्या हातान गेलां गो."

मी म्हटलं, तुम्ही तर नोकर होता. हुकूम साहेबाचा.

"साहेबाला नाव वाचताही येत नव्हतं. मला येत होतं."

तेव्हापासून ते नाव कुठेतरी छापून परत आणायचं, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. घर नको होतं, गावची जमीन त्यांनी भावाला सोडली होती. पण नुसत्या जुन्या नकाशाच्या भरवशावर छापायचं नाही, तो नकाशाही कोणा ट्रेसरनेच काढलेला. तीन तोंडं हवीत. दोन त्यांनी वर्षानुवर्षं विचारून मिळवली होती. तिसरं मिळत नव्हतं, जुनी माणसं संपत चालली होती. आणि काकांचा व्हिसा त्या हिवाळ्यापुरताच होता. दुकानाच्या मालकाने वयामुळे पुढे वाढवणं जमणार नाही असं सांगून टाकलं होतं.

मी त्यांना गाडीने उंटांच्या एका फार्मवर घेऊन गेले. तिथले म्हातारबाबा प्रेमळ होते, काहवा आला, खजूर आले. काका काही विचारणार तेवढ्यात मीच बोलून गेले, "बाबा, वो कर्न मैथा आपको मालूम है ना?"

"ऐवा, ऐवा, कर्न मैथा," म्हातारबाबा हसून म्हणाले.

काकांनी वही मिटली. परतीच्या वाटेवर ती खिशात घातली. मग म्हणाले, "तुझ्याच तोंडचं त्यांनी तुला परत दिलं. आता ते बाद."

"पण त्यांना माहीत होतं, काका. चेहऱ्यावरून कळत होतं."

"कोण म्हणतं?"

तीन आठवड्यांनी आम्ही अबू खमीस नावाच्या दुसऱ्या म्हाताऱ्याकडे गेलो. या वेळी मी गाडीतच तोंडात च्युइंग गम घातलं. काकांनी लांबवर हात केला आणि विचारलं, "अबू खमीस, उधर जो पहाड है, उसको पुराना लोग क्या बोलता था?"

"वो पहाड?" अबू खमीस हसला. जबल हफीतच्या मोठ्या डोंगराकडे बोट केलं. "पहाड ये है. वो तो छोटा है. वो कर्न. मैथा का कर्न."

काका लिहीत होते. अक्षरं पहिल्यांदाच वाकडी येताना मी पाहिली.

"मैथा कौन?"

"औरत. बकरी था उसका. नीचे कुआँ था. कोई आदमी रास्ता भूलता था तो वो ऊपर खड़ा होके कपड़ा हिलाता था, कि पानी इधर है. मेरा बाप बोलता था. खलास, और मालूम नहीं."

विहीर आता तळ्याच्या पोटात आहे. मी परतताना बडबडत होते, काका काय स्टोरी आहे, यावर पूर्ण पान होईल, तहानलेला काफिला, एकटी बाई. काकांनी मला थांबवलं. "काफिला कोणी सांगितला? बकऱ्या, विहीर, कपडा. एवढं सांगितलं. एवढंच लिही."

आणि तसंच त्यांनी पान तयार केलं. हाताने. एका बाजूला टेकडी, तळं, बुडालेल्या विहिरीची जागा तुटक रेषेने, उत्तरेचा बाण. दुसऱ्या बाजूला अकरा ओळी मजकूर. मंडळ भटकंतीची पुस्तिका काढणार होतं आणि तिची जुळणी माझ्याकडे होती. पान चौदा मी या टेकडीला दिलं. काकांनी ते पान तीनदा तपासलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ त्यावर हात ठेवून बसले.

आता तो शनिवार.

आपल्या लोकांची एक खोड आहे. कुठेही गेलो की दिसेल त्या उंचवट्याला घरचं नाव द्यायचं. फुजैराकडचा घाट म्हणजे आपला वरंधा, वादीतलं, डोंगरातल्या ओढ्यातलं, पाणी म्हणजे आपली कुंडलिका. मीही हे केलंय, लहानपणापासून. परदेशात राहणाऱ्या माणसाला तेवढीच ऊब. पण त्या हॉलमध्ये टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर पान चौदा आलं तेव्हा सचिव देशमाने म्हणाले, "काका, काम ग्रेट आहे, नो डाउट. पण लोक कनेक्ट व्हायला पाहिजेत ना? कर्न-बिर्न कोणाच्या लक्षात राहणार? मी म्हणतो, प्रतिसिंहगड. एका सेकंदात क्लिक."

"आणि ट्रेकच्या दिवशी वर पिठलं-भाकरी," कोणीतरी म्हणालं. "मडक्यातलं दहीपण."

सगळे हसले. टेकडी बावीस मीटरची आहे, बरं का.

काका मागून म्हणाले, "तिला नाव आहे. तीन माणसांनी सांगितलेलं आहे. सिंहगडाचं नाव उद्या कोणी बदललं तर चालेल तुम्हाला?"

"काका, सिंहगडाचंही आधी कोंढाणाच होतं की," देशमाने म्हणाले, आणि या वेळचा हशा जास्त मोठा होता.

 काका फाईलची नाडी बोटाला गुंडाळत राहिले.

"मजकूरही थोडा ड्राय आहे. त्या जागी मागच्या ट्रेकचा ग्रुप फोटो टाकू. शर्वरी, कर यल्ला, फायनल कर."

शर्वरी म्हणजे मी. लॅपटॉप माझ्यासमोर होता. पुण्यात पोलिसांसमोर न घाबरलेली मी. पण तळ्याच्या सफाईसाठी मंडळ मला दोन बस देणार होतं, आणि बसची परवानगी देशमान्यांकडे होती. मी पान सिलेक्ट केलं आणि डिलीट केलं. टीव्हीच्या पडद्यावर सगळ्यांना दिसलं. लॅपटॉपच्या कोपऱ्यात अकरा वीस झाले होते, म्हणून वेळ माहीत आहे. साहेबाने निदान ते नाव वाचलं नव्हतं. मी ते अबू खमीसच्या तोंडून ऐकलं होतं.

काकांना मीच घरी सोडलं. दुसऱ्या सिग्नलला ते म्हणाले, "कोंढाण्याचं नाव तिथल्याच माणसांनी बदललं. आपण इथले पाहुणे." हिरवा लागला. "तिथे सुचलं नाही."

मी सॉरी म्हटलं. ते म्हणाले, "अगो, असू दे. बस मिळाल्या ना?" टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

जानेवारीत व्हिसा संपला. मंडळाने त्यांचा रीतसर निरोप समारंभ केला, शाल, श्रीफळ, आणि भेट म्हणून तीच पुस्तिका. काकांनी स्टेजवरच पान चौदा उघडलं. वर 'प्रतिसिंहगड', खाली आम्ही चाळीस जण दात काढून उभे. त्यांनी पान पाहिलं, पुस्तिका मिटली, शालीच्या घडीत ठेवली आणि माइकवर एवढंच म्हणाले, "सगळ्यांनी सांभाळून राहा."

कुडाळला ते पावसाळ्यापर्यंत होते. ग्रुपवर बातमी आली ती समितीकडून: 'प्रतिसिंहगडावर आपल्यासोबत रमणारे परबकाका आज आपल्यात नाहीत.' खाली जोडलेल्या हातांची रांग. मीही सवयीने हात जोडले आणि पाठवल्यावर वरचं वाक्य पुन्हा वाचलं.

मला ते शेवटचे दिसले ते निघायच्या आदल्या दुपारी. म्हणाले, एकदा तळ्यावर चल. गुडघ्यांमुळे वर चढणं त्यांना कधीच बंद झालं होतं, आम्ही पायथ्याशी उभे राहिलो. आपल्यातलंच एक कुटुंब तिथे आलं होतं, पुस्तिका घेऊन. ओळखीचं नव्हतं, अबू धाबीकडचं असावं. बाई मुलाला म्हणाली, "बघ बेटा, हा प्रतिसिंहगड." मुलगा सात-आठ वर्षांचा. त्याने मान वर करून टेकडी पाहिली, जेवढी होती तेवढी.

"इज इट द रिअल वन?"

"नाही रे, रिअल पुण्याला आहे. ही कॉपी."

काका दोन पावलांवर होते. ते पुढे झाले, मला वाटलं आता सांगतील. तोंड उघडलंही त्यांनी. मग माझ्याकडे पाहिलं, त्या बाईच्या हातातल्या पुस्तिकेकडे पाहिलं. छापलेलं होतं ते. आयुष्यभर छापलेल्या अक्षराला मान दिलेला माणूस तो. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "टेकडी खरी आहे, बाळा."

आणि गाडीकडे निघाले. वाळूत पाय रुतत होते तरी हळू झाले नाहीत. ओठ हलत नव्हते. पावलं मोजत नव्हते.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघते आहे. काढून टाकलेलं पान मी समितीला परत पाठवलंय, नाव, अकरा ओळी, बाण, सगळं. जुळणी करणारी म्हणून ट्रेसर दत्ताराम परब यांचं नाव खाली मी घातलंय, ते काढायचं असेल तर दुसरा माणूस शोधावा लागेल. देशमाने म्हणतात, लोकांची मागणी नाही.

तर तुम्हाला सांगते. या हॉलमध्ये, या गावात, या देशात तुम्ही जे कोणी हे वाचताय, तुमच्या घरात ती पुस्तिका आहे. टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये किंवा गाडीच्या खणात. ती काढा. पान चौदावरचं 'प्रतिसिंहगड' खोडा आणि वर 'कर्न मैथा' लिहा, वाचता येईल असं. त्या पानाचा फोटो समितीला पाठवा. मागणी नाही म्हणतात, ती करा. आज करा.